विहाराकडून मोजलेले खांब

मी पत्रकं वाचत मोठी झाले. आमच्या घरात पुस्तकं नंतर आली. आधी आली ती मोर्चाची, सभेची, जयंतीची पत्रकं, गुलाबी आणि पिवळ्या कागदावरची. सौंसर आणि पांढुर्ण्याच्या मधल्या आमच्या लहान गावाच्या नगर परिषदेत मला ठेक्यावर संगणकाचं काम मिळालं, तेव्हा पहिल्याच वर्षी मीही एक पत्रक काढलं. तोंडी हुकमावर कोणीही खांबावर चढणार नाही, लेखी आदेश दाखवा.

ते मी माझ्या मावसाजींसाठी लिहिलं होतं. मावशीचे यजमान, वायरमन, तेही ठेक्यावरच. साहेबांनी रस्त्यातून फोन करायचा आणि यांनी शिडी उचलायची. चढणारा माणूस ठेक्याचा, आणि पडला तर तो कोणाचाच नाही. हे मला सहन होत नव्हतं, अजूनही होत नाही.

मग सॉफ्टवेअर आलं. गावात जे जे सार्वजनिक आहे ते त्यात भरायचं. हँडपंप, छोट्या पुलिया, नाल्या, पाण्याची टाकी, रस्त्यावरचे दिवे, प्रत्येकाला नंबर. तक्रार आली की त्या नंबरावर कार्यादेश छापून निघतो. दिव्याचा खांब असेल तर आधी कोणत्या पॅनलवरून वीज बंद करायची, तेही त्यातच लिहिलेलं असतं. कोणीतरी माझं पत्रकच यंत्रात घातलं असं मला वाटलं. खांबांच्या नोंदणीचं काम मी मागून घेतलं.

आमच्या मोहल्ल्यात मुख्य रस्त्यापासून विहारापर्यंत ओळीने अकरा खांब आहेत. त्यांच्यावरचे जुने नंबर दिसत नव्हते, कारण दर जयंतीला आम्ही ते निळे रंगवतो आणि त्यात माझाही ब्रश असतो. म्हणून मी चालत जाऊन मोजले. विहाराजवळचा एक, त्याच्या पुढचा दोन, असं करत रस्त्यापर्यंत. आमच्याकडे मिरवणूक विहारापासून निघते, जेवणाचं बोलावणं विहारापासून फिरतं. दुसऱ्या टोकाकडून मोजता येतं हे माझ्या मनातही आलं नाही. जुन्या रजिस्टरात होतं की एक ते सहा रस्त्यावरच्या पॅनलवर, सात ते अकरा नाल्याजवळच्या. ते मी जसंच्या तसं उतरवलं.

मावसाजी पूर्वी दोन्ही पॅनल बंद करून मगच चढत. छापील आदेश आल्यावर ते एकच बंद करू लागले. मी विचारलं तर म्हणाले, "तुह्या कागदावर लिवलं हाये ना, मंग कायले पार नाल्यापर्यंत तंगड्या तोडू?"

मार्चमधली दुपार होती. विहाराजवळ राहणारी एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"आमच्या दारावरचा दिवा दिवसाही जळून राहिला, मॅडम. दोन रोज झाले. तुमच्या हापिसात सूर्य उगवत नाई का?"

मी हसले आणि संगणकावर तिचा खांब उघडला. नंबर एक, पॅनल रस्त्यावरचं. तेच पॅनल मावसाजींनी अर्ध्या तासापूर्वी बंद केलं होतं. ते तीन नंबरच्या खांबावर होते. पडद्यावर 'कार्य प्रारंभ' दिसत होतं.

"आत्ता जळतो का?"

"आता पाहूनच तं आली."

रस्त्यावरचं पॅनल बंद आणि तिचा दिवा चालू. म्हणजे तिचा खांब त्या पॅनलवर नव्हता. मग तीन नंबरही नव्हता. जुनी मोजणी रस्त्याकडून होती आणि मी सगळी ओळ उलटी भरली होती. नाल्याजवळच्या पॅनलचं, सकाळी दिवे आपोआप बंद करणारं घड्याळ बिघडलं होतं. तार चालू होती आणि माझा कागद खिशात ठेवून मावसाजी तिच्याशी काम करत होते.

फोन लावला. वाजत राहिला. चढताना ते फोन गाडीच्या डिक्कीत ठेवतात.

मी उठले तसे आमचे उपयंत्री साहेब, म्हणजे कनिष्ठ अभियंता, म्हणाले, "कुठे निघाल्या? लॉगआउट तर करा."

स्कूटी कशी चालवली ते आठवत नाही. मोहल्ल्याच्या तोंडापासूनच ते दिसले. शिडी खांबाला, दोन्ही हात डोक्याच्या वर. हाक तोंडात आली आणि मी ती गिळली. त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं की शिडीवरच्या माणसाला दचकवू नये, तो हाताला लागेल ते धरतो. हाताला तार होती.

मी त्यांच्या शिडीजवळून पुढे गेले. वर पाहिलं नाही. नाल्याजवळचं पॅनल तिथून दोनशे पावलांवर आहे आणि त्याचं दार तारेने बांधलेलं असतं. तार सुटेना. नख मोडलं, रक्त आलं, मग दार उघडलं. मी हँडल खाली ओढलं. काहीच आवाज झाला नाही. मी वेळेत पोचले की नाही हे त्या हँडलवरून कळत नव्हतं.

शिडीकडे परत पळाले. ते वरून खाली पाहत होते.

"काय झालं व बाई, कायले पळून राहिली?"

त्यांच्या हातात मैनेचं घरटं होतं. ते आधी काढत बसले होते. तारेला हात लागला नव्हता. मी सगळं सांगितलं. ते एकेक पायरी करत उतरले, शेवटच्या पायरीवर बसले आणि दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"उन्हात दिवा जळते का नाई, कोन पाहते," ते म्हणाले. "मी दोन्ही बंद करत होतो. तुहं पत्रक वाचलं अन् सोडलं."

"चूक माझी आहे. मी तसं लिहून देते."

"देजो. पत्रकच काढजो. पन दिवा तं लावा लागन. जाय, तिकडं हँडल धरून उभी राय. मी आवाज देईन तवा सोडजो."

"आज राहू द्या, मावसाजी."

"मंग उद्या कोन चढन? तुहं मशीन?"

ते पुन्हा चढले. मी पॅनलपाशी गेले. मध्ये घरं येतात, तिथून खांब दिसत नाही. खाली केलेलं हँडल आपोआप वर येत नाही हे मला माहीत होतं, तरी मी दोन्ही हातांनी ते दाबून उभी होते. एक म्हातारा थांबून म्हणाला, "झोके घेऊन राहिली का बाई?" काही वेळाने घरांपलीकडून मावसाजींची हाक आली, सोड म्हणून. आवाज त्यांचाच होता. मी सोडलं नाही. दुसऱ्यांदा हाक आली, तरी नाही. शेवटी ते शिडी खांद्यावर घेऊन स्वतः चालत आले आणि माझी बोटं एकेक करून हँडलवरून काढली.