ओवाळणीची शाल

पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि तळाशी ती परदेशी लोकरीची शाल दिसते.

त्या भाऊबीजेला माझा धाकटा भाऊ सुनील दक्षिण अमेरिकेची महागडी टूर करून आला होता. ओवाळायला मी कर्जतहून माहेरी गेले. पाटावर बसून तो मला मोबाइलवर फोटो दाखवत होता: समुद्रकाठची शहरं, झुंबरांची हॉटेलं, मग डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची शेतं.

"बघ ताई, किती पिढ्या झाल्या, पण जमीन सोडली नाय गं या लोकांनी!"

"आपल्या ओढ्यावरच्या शेतासारखीच दिसतात रं. भात कापून झालं का?"

"ते इकलं ना, फार्महाउसवाल्याला. नायतर एवढी टूर झाली असती का?"

आदल्याच वर्षी खालापूरच्या कचेरीत जाऊन, सही करून मी त्या शेतावरचा हक्क सोडला होता. "तुझं माहेर हाय ते, कधी इकणार नाय," असं तोच म्हणाला होता.

निरांजन पेटलेलं होतं. मी ओवाळलं. त्यानं ताटात शाल ठेवली.

तेव्हा शेतासाठी रडले. आता आठवतं ते एवढंच, की विकल्याचं सांगताना तो जरासुद्धा अडखळला नव्हता.

ती शाल मी एकदाही पांघरली नाही. पण कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या दरवर्षी नव्या घालते.