धुराची लाल नळी

तापलेल्या लोखंडाचा वास आला की ऐंशी सालच्या सुमारास ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले माझे शेजारी आठवतात. जुन्या परदेशी मोटारीचे आत दट्ट्यांऐवजी चक्र फिरणारे इंजिन मिळवून त्यांनी अंगणात एका माणसापुरते विमान उभारले होते. दसऱ्याला त्याची पूजा मीच सांगितली, आणि दुसऱ्या दिवसापासून इंजिन सुरू होताच धुराची नळी निखाऱ्यासारखी लाल होऊ लागली. "ही वर आकाशात फुटली तर मी जळून मरेन. विमानच मोडून टाकतो, गुरुजी," ते म्हणाले. मी विचारले, "पूजेआधी तापत होती?" "नव्हती." "मग पूजेसाठी काय काय काढलं होतंत?" ते थबकले आणि इंजिनावर वाकले. त्या इंजिनात एकापाठोपाठ दोन ठिणग्या पडत; पुसायला काढलेल्या त्यांच्या तारा परत लावताना अदलाबदल झाली होती, म्हणून इंधन उशिरा पेटून नळीत जळत होते. "इतकी वर्षं हेच काम केलं, आणि भक्तीच्या भरात चुकलो बघा," ते हसून म्हणाले. तारा जागच्या जागी लागल्या, इंजिन गर्जले, नळी मात्र काळीच राहिली. माझे हात आपोआप जुळले. ज्या अग्नीला जन्मभर आवाहन केले, तो क्षणाचा इतका नेमका हिशेब ठेवतो, हे मला तेव्हा प्रथम दिसले. आजही होमापुढे बसलो की 'स्वाहा'च्या आधी आहुती हातून सुटू नये, म्हणून मी श्वास रोखून धरतो.