बांधावरची छत्री

वैशाखातल्या एका सकाळी, मरळ गळाशी आलेली असताना, मी तळ्याच्या बांधावर छत्री उघडली.

ऊन लागत होतं, एवढंच कारण. शिवाय छत्री मुंबईहून मागवलेली, विलायती. शेजारी गळ टाकून बसले होते आमच्या अलिबागच्या कोर्टातले एक पट्टेवाले. आठवडाभर पक्षकारांची नावं तीन-तीनदा पुकारून त्यांचा घसा इतका शिणलेला असे, की रविवारी ते जवळजवळ बोलतच नसत. बोललेच तर अर्धं वाक्य, तेही पाण्याकडे बघत. उन्हाळ्यात तळं आटलं की मासे बांधालगतच्या खोल पाण्यात उतरतात. तिथे गळाला बेडकी लावून ते उकिडवे बसत. मीही हौसेनं शेजारी बसे. माझ्या गळाला आजवर लागलं ते माझंच धोतर.

त्या दिवशी मात्र त्यांना मासा हवाच होता. त्यांची बायको महिनाभराच्या तापातून उठली होती, अन्नावर वासना नव्हती. मरळीचं कालवण तेवढं खाईन, म्हणाली होती.

छत्रीची सावली पाण्यावर पडली आणि मरळ फटकारा मारून गेली. ते रागावले नाहीत. माझ्या हातातली छत्री घेऊन मिटली, मांडीखाली ठेवली आणि नवी बेडकी लावली. दुपार टळेपर्यंत आम्ही दोघे भाजत राहिलो. गळ हलला नाही.

"पुढच्या रविवारी लवकर येऊ," उठताना मी म्हटलं.

"वकीलसाहेब, तुमी कोर्टातच बरे," दोरी गुंडाळत ते म्हणाले. "तितं तुमच्यापायी अशील उपाशी ऱ्हातो, हितं माजी बायको."