मूळ गावाचा रकाना

निवृत्त झाल्यावर मी इंटरनेटवर एक छोटा मराठी मंच सुरू केला. २०१६ ची गोष्ट. त्याआधी इथली, कॅनडातल्या रेजिना शहरातली, आम्ही सगळी मराठी मंडळी एका मोठ्या फोरमवर असायचो. तिथे इमिग्रेशनपासून विंटर टायरपर्यंत कशावरही हजारो अनोळखी लोक भांडत, शिव्या देत. मला वाटलं, आपली पन्नास-साठ माणसं पुरेत. टोपणनाव चालेल, पण मूळ गाव लिहायचंच, असा नियम मी केला. कोणाचं गाव कळल्याशिवाय मला त्याच्याशी मोकळं बोलताच येत नाही.

मोठ्या फोरमवर एक बाई लिहायच्या. सासऱ्यांना स्मृतिभ्रंश झाला होता. नोकरी करून त्यांना सांभाळताना त्या मोडून गेल्या होत्या. केअर होमसाठी अप्लाय कसं करायचं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यावर लोक नाही नाही ते बोलत. मीच त्यांना लिहिलं, "ते खातं बंद करा, इकडे या. आपली माणसं आहेत."

"गाव लिहायलाच हवं का, काका?"

"गावानं काय होतंय? नाव कुठे विचारतोय?"

त्यांनी लिहिलं. त्या गावचं रेजिनात एकच घर होतं. वाचताक्षणी मी ओळखलं. तो रकाना पुसणं माझ्याच हातात होतं, पण नियम मोडायचा कसा, म्हणून पुसला नाही. संध्याकाळी मंचावरच्या एका निवृत्त डॉक्टरांचा फोन आला.

"ही त्यांचीच सून ना हो?"

मी हो म्हणालो. वर म्हणालो, "कोणी डबा नेऊन दिला तर बरं होईल."

डबा कोणी नेला नाही. दोन दिवसांत बाईंच्या नवऱ्याला आधी टोरांटोतल्या एटोबिकोहून चुलतभावाचा आणि मग पुण्याहून आत्याचा फोन गेला : वडिलांना घराबाहेर काढताय म्हणे? केअर होमसाठी भरलेला अर्ज नवऱ्यानं मागे घेतला. बाईंच्या फोनवर त्याची नजर राहू लागली.

मंच सोडून जाताना बाईंनी मला दोनच वाक्यं लिहिली. "तिकडे शंभर जणांनी शिव्या दिल्या, काका. घरी फोन कोणीच केला नव्हता."

मंचावर ठरलं की बाईंना स्पष्ट बोलणं सोसलं नाही. "फार नाजूक बुवा," डॉक्टर म्हणाले. मी त्याखाली काही लिहिलं नाही.

नंतर बाईंनी नोकरी सोडली. तीन वर्षं सासऱ्यांचं सगळं घरीच केलं. कोणाच्यातरी बेसमेंटमध्ये आमचं पॉटलक असे, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण; दर वेळी त्या तिथे भेटत, मला वाकून नमस्कार करत, आणि जेवण होईपर्यंत मला जागेवरून उठता येत नसे. मंच सोडतो म्हटलं, तर लोक म्हणत, "तुम्ही संस्थापक, तुम्हाला कसं सोडू?"

म्हणून आज मंचावरच लिहितोय. गाव मी लिहायला लावलं. त्या कोण, ते मी सांगितलं. त्या नाजूक नव्हत्या.

मोठा फोरम अजून चालू आहे. कुठल्यातरी नव्या नावानं त्या तिथे लिहीत असतील, अशी मला आशा आहे. लिहिण्याच्या ढंगावरून मी त्यांना ओळखू शकेन. म्हणूनच मी तिकडे जात नाही.