देवी पुढच्या खोलीत आली

कुंभकोणममध्ये घड्याळ मागं पडलं की लोक सुंदररावांकडे धावत. तमिळ शेजारी त्यांना 'रायर' म्हणत. घरात मात्र मराठीच चाले, तीही खापरपणजोबांच्या वेळची. सुंदररावांचं म्हणणं एकच: मागं पडलं म्हणून घड्याळाला शिव्या घालू नयेत, आधी उघडून बघावं. बायको गोमती म्हणे, "घड्याळंच उघडा हो, लोकांच्या भानगडी नको." पण ऐकतो कोण!

एकोणीसशे चौपन्न साली विणकर सोसायटीचे सेक्रेटरी स्वामीनाथ घाम पुसत दुकानात आले. "रायर, सगळ्यांचं रेशीम एकाच कोठारात, आणि पंचवीस विणकर दुपारपर्यंत रांगेत! कोठारी महालिंग म्हातारा झाला. सोमवारी त्याला घरी बसवतो."

"उघडून बघितलंत का?"

"माणूस कसा उघडायचा?"

"माणूस नव्हे हो, काम!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुंदरराव तीन वाट्या आणि पिशवीभर चिंचोके घेऊन कोठाराच्या दारात बसले. कोठार म्हणजे एकामागे एक तीन खोल्या. विणकर रंग सांगे, महालिंग आत जाई, लडी आणून तोलून देई. तो ज्या खोलीत जाई, तिच्या वाटीत सुंदरराव एक चिंचोका टाकत. रांगेत हशा पिकला, "रायर खेळायला बसले!"

दहा वाजता स्वामीनाथ आले, तोवर तिसरी वाटी ओसंडली होती. दुसरीत चार चिंचोके, पहिलीत दोन. तोलायला तर महालिंगला डोळ्याचं पातं लवेपर्यंतचाच वेळ लागे. पण लग्नाच्या साडीला काठ हवा लाल, आणि लाल रेशीम सगळं पार आतल्या खोलीत!

"अहो, हा माणूस घरातल्या घरात पार पापनाशम गावापर्यंत चालून आला की!" सुंदरराव ओरडलेच. "तो मंद नाही, वाट लांब आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी देताय!"

"मग लाल पुढं आणा," स्वामीनाथ म्हणाले.

महालिंगचा चेहरा उतरला. लाल रेशमाची पहिली लडी त्यानं आतल्या खोलीत गावच्या मंगळांबिका देवीच्या तसबिरीपुढं पुजली होती, तेव्हापासून लाल तिच्याच पायाशी राही. "देवीच्या पायाचं रेशीम मी हलवणार नाही. त्यापेक्षा नोकरी गेलेली बरी," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

वाटीतला एक चिंचोका सुंदररावांनी बोटांत फिरवला, आणि ते एकदम हसले.

"रेशीम नका हलवू. देवीला हलवा."

"येईल ती?"

"अरे, उत्सवात रथात बसून ती अख्खं गाव फिरते! तिला तीन खोल्या जड?"

महालिंग लहान मुलासारखा हसला. विणकरांनी कुठून तरी नादस्वरमवाला धरून आणला, नारळ फुटला आणि देवी वाजतगाजत पुढच्या खोलीत आली. मागोमाग लाल रेशीमही आलं. हिरवं, निळं गेलं आत.

सोमवारी दहा वाजता स्वामीनाथ आले तर दारात चिटपाखरू नाही. "महालिंग! आज विणकर का आले नाहीत?"

तसबिरीखाली महालिंग चक्क मांडी घालून बसला होता.

"आले नि रेशीम घेऊन गेले, सेक्रेटरीसाहेब. ऐका, त्यांचे माग वाजताहेत."