जपानी पोरं आणि आमची ‘ए, ऐकलं का’

किस्से कुणी मुद्दाम साठवत न्हाई. मागाखाली कापसाचा भुगा साचतो तसे साचतात. रोज झाडा, सकाळी पुन्हा हायेच! चौथीत शाळा सुटली आणि जन्मभर टॉवेलच्या कारखान्यात माग चालवला, तेव्हा भुगा मला कळतो. पण म्हातारपणी जपानचा भुगा आमच्या घरात साचंल असं वाटलं नव्हतं.

सूनबाई चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला. तिनं टीव्हीवर एक जपानी कार्यक्रम लावला, हिंदी आवाजातला. तीन पोरं, तीन पोरी, एका घरात राहतात. खरीखुरी माणसं, नाटक न्हाई म्हणे. रविवारी दुपारी आमची बैठक बसायला लागली. मी, आमची ही, सूनबाई, माझ्यासंगं मागावर असलेला व्यंकप्पा आणि शेजारचा टेलर बाबूभाई.

पहिला भाग निम्मा झाला तरी भांडण न्हाई. बाबूभाई वैतागला, "अरे, इनका झगडा कब चालू होता जी?"

तेवढ्यात एका पोरानं फ्रिजमधला एका पोरीचा केक खाल्ला. झालं! गडी गुडघ्यावर बसला आणि कपाळ जमिनीला टेकवून माफी मागायला लागला. केकसाठी!

आमची ही माझ्याकडं न बघता म्हणाली, "आमच्याकडं समद्या पोळ्या संपवून वर विचारतात, एवढ्याच केलत्या व्हय?"

*

त्या कार्यक्रमात सोफ्यावर बसलेली चार-पाच माणसं असतात. त्यांचं काम एकच. त्या घरात कोण कुणाकडं बघतंय ते बघायचं आणि त्यावर बोलायचं. सूनबाई म्हणाली, त्याचा त्यांना पगार मिळतो.

व्यंकप्पानं कपाळाला हात लावला. "पगार? आमच्या गल्लीत नळावर बायका हे काम फुकट करतात!"

"बायका?" आमची ही म्हणाली. "आणि तुमी आत्ता काय करताय, भावजी?"

*

एकदा त्या घरात समदी जेवायला बसली. एक पोरगी उठली आणि सगळ्यांच्या ताटलीत सॅलड वाढत सुटली. सोफ्यावरचा एक बाप्या लगेच खूश! म्हणाला, "ही चांगली बायको होईल."

सूनबाई फणफणली, "वाढलं की बायको? पोरांचे हात गळलेत का?"

व्यंकप्पा म्हणाला, "बरोबर हाय की त्याचं. बाईमाणसाच्या हाताला चवच येगळी."

सूनबाई उठली. आत गेली, पोह्यांची कढई आणली आणि व्यंकप्पाच्या मांडीसमोर ठेवली. "काका, वाढा. बघू कसले नवरे हायसा तुमी."

गडी इरेला पेटला! मला वाढलं, बाबूभाईला वाढलं, वर शेंगदाणे शोधून शोधून दिले. वाढून झालं तेव्हा कढईत उरली कढीपत्त्याची दोन पानं.

आमची ही म्हणाली, "खावा आता. आमी रोज तेच खातो."

*

बाबूभाईचं मात्र काळीज हललं होतं. जपानी पोरगा पोरीसमोर ताठ उभा राहतो, कमरेत वाकतो आणि सरळ सांगतो, तू मला आवडतेस. बाबूभाईनं घरी जाऊन तसंच केलं. मान खाली, हात जोडलेले, "मुझे तू पसंद है."

बीबीनं शिलाई मशीन थांबवली आणि म्हणाली, "पैले ये बोलो, क्या फोड के आए?"

*

मग तो भाग आला. एक पोरगा एका पोरीला इतके दिवस आडनावानंच हाक मारत होता. तिकडं तशीच रीत हाय म्हणे. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. पोरगी रडायला लागली. सोफ्यावरची माणसंपण रडायला लागली!

मी हसलो. "नावच घेतलं ना? किडनी तर न्हाई दिली!"

आमची ही उठली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखं म्हणालो, "ए, ऐकलं का? चहा टाक."

आतनं आवाज आला, "हितं ‘ए’ नावाचं कुणी ऱ्हात न्हाई."

लग्नात उखाणा घेताना हिचं नाव घेतलं होतं, तेवढंच. त्यानंतर कधी गरजच पडली न्हाई, ‘ए’ म्हटलं की ही यायची. आता येईना. भाकरी मिळायची, चटणी मिळायची, पण बोलणं बंद. घर कसं सुट्टीच्या दिवशीच्या कारखान्यागत झालं.

व्यंकप्पा म्हणाला, "घे की नाव! जीभ झडत्या व्हय?"

"तू घेतोस का तुझ्या बायकोचं?"

तो चपला शोधायला लागला.

मी न्हाणीत नळ सोडून सराव केला. निम्मं नाव आलं आणि ठसकाच लागला!

*

संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली. मी पुढं, ही मागं, आमच्यात असंच चालतात. आकाशपाळण्यापाशी मागं वळलो, तर ही न्हाई!

हिला एका डोळ्यानं कमी दिसतं, मोबाईल घरी चार्जिंगला. दिवस मावळत आलेला, गर्दी वाढलेली. टाचा उंच करून चौफेर बघितलं. मी ओरडलो, "ए, ऐकलं का!"

आठ-दहा बायांनी मागं बघितलं. आमची सोडून!

पळत हरवल्या-सापडल्याच्या तंबूत गेलो. माईकवर एक पोरगेला स्वयंसेवक होता.

"आजोबा, नाव सांगा."

"निवृत्ती."

"तुमचं न्हाई! हरवलेल्या माणसाचं."

"आमच्या घरातलं माणूस हाय. हिरवं लुगडं, हातात पिशवी."

"आजोबा, जत्रेत हिरवी लुगडी ढिगानं हायेत! नाव काय?"

मी पिशवीचा रंग सांगायला लागलो. तो वैतागला आणि माईकच माझ्या हातात दिला. "तुमीच बोला."

मी माईक तोंडाशी धरला. डोळे मिटले.

"अनुसया!" अख्ख्या गड्ड्यावर घुमलं. "अगं अनुसया, कुटं हायेस? मी हितं हाय गं!"

डोळे उघडले तर तंबूच्या दारातल्या बाकावर ही बसलेली. हातात भज्यांचा कागद, निम्मी भजी संपलेली.

म्हणाली, "आणि एकदा म्हणा की. आकाशपाळण्याच्या आवाजात नीट आलं न्हाई."