गुराख्याचं जर्मन

लोणारच्या तळ्याकडे उतरू लागलं की पाणी नीट दिसायच्या आधी त्याचा वास गाठतो. खारट, कुबट, नासलेल्या अंड्यासारखा. परवा भाचीला तळं दाखवायला नेलं होतं, तर तिनं ओढणी नाकाला लावली आणि परत फिरूया म्हणून माझ्या मागे लागली. मी मात्र तो वास छातीभर ओढून घेतला. माझं लग्न व्हायचं की शिक्षण, याचा निकाल ह्याच वासात लागला होता, हे तिला कसं सांगायचं?

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं आणि आमचं बुलढाण्याचं कॉलेजही तितकंच कोवळं होतं. भिंतींना चुन्याचा वास, बाकांना रंगाचा. त्यात कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण संध्याकाळचा जर्मन भाषेचा वर्ग सुरू झाला. इंग्रजी शिकवणारे सरच तो घेत. आम्ही सातआठ मुलं आणि मुलगी मी एकटी. माझे बाबा रोहिणखेडच्या बाजूला प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांनी साफ सांगून ठेवलं होतं की वर्गात दम असला तर पुढं जर्मन शिकायला पुण्याला पाठवीन, नाहीतर दिवाळीनंतर पाहुण्यांना होकार कळवीन. पाहुणे चांगले होते, ओलिताची जमीन होती. सरांचं जर्मन खरं निघणं ही मला चैन नव्हती, माझी सगळी भिस्त त्यावरच होती.

आणि नेमकं तेच संशयात सापडलं. सर जर्मन शिकले कुठं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणत, "शिकलो कुठंतरी," आणि फळ्याकडे वळत. अख्ख्या जिल्ह्यात त्यांना तपासू शकेल असं दुसरं माणूस नव्हतं. मग वर्गातल्या एकानं नागपूरच्या मामाकडून एक पुस्तक आणलं. त्यात 'मी'ला 'इश' होतं, सर 'ई' म्हणत. 'नाही'ला 'निश्ट' होतं, सर 'नेट' म्हणत. पुस्तकवाला म्हणाला, "सर आपल्याले येडं बनवून राह्यले बे. हे कायचं जर्मन? घरचंच दिसते." एकदा शंका शिरली की सुटत नाही. सर क्षणभर थांबले तरी आम्ही एकमेकांकडे पाहायचो. रात्री मी धातुरूपं घोकायची आणि मधेच थांबायची, की बाई, आपण घोकतोय ते जगात कुणी बोलतं तरी का?

गंमत अशी की भाषाशास्त्राच्या तासाला मराठीचे प्राध्यापक आम्हांला सांगत, कोणतीही बोली अशुद्ध नसते. आणि त्याच तासाला कुणी 'मले' म्हटलं की त्याला बाकावर उभं करत. आम्हांला त्यात काही वावगं वाटत नसे.

तेवढ्यात कळलं की विवराचे दगड तपासायला एक जर्मन शास्त्रज्ञ लोणारला आला आहे. पोरांनी सहलीचा बेत काढला. सरांना कारण सांगितलं नाही, पण त्यांनी ओळखलं असावं. बसमध्ये ते ड्रायव्हरजवळ जाऊन बसले. मी खिडकीशी बसून मनातल्या मनात देवाला हात जोडत होते, आणि खरं सांगायचं तर देवावरही माझा पुरता भरवसा नव्हता.

साहेब काठावर हातोडी घेऊन बसला होता. सर पुढं झाले आणि काहीतरी बोलले. साहेबानं मान वर केली, डोळे मोठे केले आणि खो खो हसत सुटला. पुस्तकवाल्यानं मला कोपरानं ढोसलं. पण साहेब हसता हसता बोलू लागला, सरही बोलू लागले, आणि दोघं दगडावर बसून घंटाभर बोलत राहिले. शेवटी साहेब आमच्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "तुमचे सर आमच्या डोंगरातल्या गुराख्यांसारखं बोलतात."

परतीच्या बसमध्ये सर माझ्या पुढच्या बाकावर होते. वर्गात ते नेहमी पुस्तकी मराठी बोलत, त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्यासारखं बोलले. "जर्मनच्या लढाईत धरल्या गेलो होतो पोरी. कैदी म्हणून त्याईनं तिकडं डोंगरातल्या एका शेतावर गाई दोहाले ठेवलं. तिथंच शिकलो. ते काय मिरवाचं?" मग बाहेर बघत म्हणाले, "पुण्याले गेलीस तं हे माझं टाकून देजो. तिथलं शीक. टिकाचं असन तं तेच लागते."

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. साहेब हसला, हेही सांगितलं. मला वाटलं, संपलं आता. बाबांनी एवढंच विचारलं, "हसला, पन त्याले समजलं ना सारं?"

"समजलं."

"मंग झालं. ट्रेनिंगले गेलतो तईं पुण्याचे लोकं मले बी हसलेच होते. जाय तू."

मी गेले. सरांचं ऐकलं आणि त्यांचं 'नेट' टाकलं. ते सुटलं तसं बाबांचं 'मले'ही कधी सुटलं ते कळलं नाही. पुढं तीस वर्षं मी जर्मन शिकवलं. सर गेले, बाबा गेले. आता एकटी असताना कधी त्यांच्यासारखं बोलून बघते, तर नाटकातलं पात्र बोलल्यासारखं वाटतं आणि मीच गप्प होते. माझं जर्मन ऐकून जर्मन माणसाला माझे सर ते कुठल्या डोंगरात शिकले हे कळत नाही. इथं पुण्यात शेजारी विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या? मी बुलढाणा म्हणते. ते क्षणभर संशयानं बघतात आणि मग अगदी कौतुकानं म्हणतात, "वाटत नाही हो."